उडी खरी की खोटी: कुरामोतो दोलकांच्या जाळ्यावरच्या कामाच्या नोंदी

६ जून

काम असं आहे. हजार दोलक, त्यांना जोडणारं एक जाळं. प्रत्येक दोलक स्वतःच्या गतीने वर्तुळावर फिरतो आणि जोडलेला प्रत्येक शेजारी त्याला आपल्याकडे ओढतो. ही ओढ दोघांच्या फेजमधल्या, म्हणजे वर्तुळावरच्या कोनांमधल्या, फरकाच्या साइनइतकी, गुणिले कपलिंग, म्हणजे जोडणीची ताकद. कपलिंगला इथून पुढे लॅम्डा म्हणतो. योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये मांडलेलं हे मॉडेल. सगळे सगळ्यांना जोडलेले असतील आणि गतींची विभागणी घंटेच्या आकाराची असेल, तर लॅम्डा वाढवताना एकताल, म्हणजे सगळ्यांचं एका गतीने एकत्र फिरणं, हळूहळू येतो. पण २०११ मध्ये गोमेझ-गार्देन्येस, गोमेझ, अरेनास आणि मोरेनो यांनी दाखवलं की जाळं बाराबासी-अल्बर्ट पद्धतीचं (मोजक्या दोलकांना खूप जोडण्या, बाकीच्यांना थोड्या) असेल आणि प्रत्येक दोलकाची गती त्याच्या जोडण्यांच्या संख्येइतकीच ठेवली, तर एकताल एकदम उडी मारून येतो. शिवाय लॅम्डा कमी करत परत येताना तो त्याच ठिकाणी मोडत नाही. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी. हाच हिस्टेरेसिस.

आलेखावर या दोन वाटांमधून बनणारा फास मला स्वतःच्या प्रोग्रॅममधून काढायचा आहे, आणि तो समीकरणांमुळे आला, प्रोग्रॅममुळे नाही, याची खात्री करायची आहे. खरं काम या दुसऱ्या भागात आहे. उडीसारखी दिसणारी रेघ पाच-सहा चुकीच्या कारणांनीही मिळू शकते. ती कारणं सापडतील तशी इथे लिहीन, म्हणजे हेच करू पाहणाऱ्याचे आठवडे वाचतील.

८ जून

जाळ्याला हात लावण्याआधी साधी केस: सगळे सगळ्यांना जोडलेले. एकतालाचं माप आर. प्रत्येक दोलक वर्तुळावरचा एक बाण समजायचा, सगळ्यांची सरासरी काढायची आणि तिची लांबी घ्यायची. पांगलेले असतील तर शून्याच्या आसपास, एकवटलेले असतील तर १.

गती आधी लॉरेंट्झ विभागणीतून घेतल्या, कारण तिथे उत्तर कागदावर निघतं. रुंदी १ असेल (आणि या केसमध्ये कपलिंगला दोलकांच्या एकूण संख्येने भागलं असेल) तर एकताल सुरू होण्याचा उंबरठा २, आणि कपलिंग ४ ला आर ०.७०७. पण या विभागणीच्या शेपट्या फार लांब असतात. हजार आकडे काढले की त्यात शेकड्यांमध्ये गती असलेले एक-दोन दोलक निघतातच, आणि त्यांच्यापायी वेळेचं पाऊल (प्रोग्रॅम एका वेळी जेवढा पुढे सरकतो तेवढा काळ) सगळ्यांसाठी बारीक करावं लागतं. म्हणून गाउसियनवर आलो. प्रमाण विचलन १ असताना उंबरठा १.५९६. वक्र तिथूनच उठला.

दोन गोष्टी इथेच कळल्या. पहिली, उंबरठ्याच्या खाली आर शून्य होत नाही. हजार दोलकांना तो ०.०३ च्या जवळ राहतो, शंभरांना ०.०९. हा संख्येच्या मर्यादेचा गोंगाट आहे, तो एकताल समजू नये. दुसरी, वेळेवर सरासरी काढताना आधी लांबी घ्यायची आणि मग सरासरी. बाणांचीच सरासरी वेळेवर काढली तर सगळा थवा फिरत असल्यामुळे पूर्ण एकताल असतानाही उत्तर शून्याकडे जातं. पहिला आलेख म्हणूनच सपाट आला होता.

१३ जून

जाळं नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीतून बनवलं: १००० नोड (म्हणजे दोलक), प्रत्येक नवा नोड ३ जोडण्या घेऊन येतो. एकूण जोडण्या २९९१, सरासरी ५.९८२. सर्वांत मोठ्या हबला, म्हणजे सर्वाधिक जोडलेल्या नोडला, शंभराच्या आसपास जोडण्या आहेत. प्रत्येक वेळी बीज (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) बदललं की हा आकडा बराच हलतो, तेव्हा बीज लिहून ठेवा.

हजार बाय हजारचा पूर्ण तक्ता घेऊन प्रत्येक जोडीचा साइन काढणं सरळ आहे, पण असह्य हळू. एका वेळी दहा लाख साइन, त्यातले उपयोगाचे ५९८२. उपाय शाळेतल्या सूत्रात आहे: फरकाचा साइन म्हणजे साइन गुणिले कोसाइन वजा कोसाइन गुणिले साइन. मग फक्त हजार साइन आणि हजार कोसाइन काढायचे, विरळ तक्त्याने दोन गुणाकार करायचे, संपलं. या एका बदलाने आठवड्यांचं काम एका रात्रीत बसलं. बाकी कुठलीही हुशारी करण्याआधी हे करा.

१५ जून

या मॉडेलमध्ये एक फुकटची तपासणी दडलेली आहे. अ ला ब जेवढा पुढे ओढतो, तेवढाच ब ला अ मागे ओढतो. त्यामुळे सगळ्यांच्या गतींची सरासरी लॅम्डा काहीही असला तरी बदलत नाही. ती जोडण्यांच्या सरासरीइतकीच, म्हणजे ५.९८२ राहायला हवी.

ती राहत नव्हती. सावकाश सरकत होती. कारण लगेच सापडलं: जोडण्यांची यादी वाचताना प्रत्येक जोडणी एकाच दिशेने तक्त्यात गेली होती. अ ब ला ओढत होता, ब अ ला नाही. असं एकतर्फी जाळंही एकताल दाखवतं आणि आलेख दिसायला व्यवस्थित असतो, म्हणून ही सरासरी दर धावेला छापत जा.

२० जून

आज तारा. मधे एक हब, भोवती दहा टोकं, प्रत्येक टोक फक्त हबला जोडलेलं. हबची गती १०, टोकांची १. एवढ्या लहान जाळ्याचं उत्तर हाताने निघतं. सगळे एकत्र बांधले गेले की सामायिक गती २० भागिले ११, म्हणजे १.८१८. टोकाला १ वरून तिथे यायचं तर लॅम्डा किमान ९ भागिले ११, म्हणजे ०.८१८ हवा. परतीच्या वाटेवर एकताल नेमका इथे मोडला पाहिजे, आणि मोडण्याच्या क्षणी आर ०.९१४ असला पाहिजे, कारण तेव्हा दहा टोकं एका जागी आणि हब त्यांच्यापासून काटकोनात असतो.

प्रोग्रॅमने ४.५ ला मोडला.

इतका मोठा फरक म्हणजे समीकरणच वेगळं आहे. शोधलं तर कपलिंगला नोडच्या जोडण्यांच्या संख्येने भागणारी एक ओळ सापडली. अनेक कामांत असा भागाकार करतात, आणि त्याला स्वतःची कारणं आहेत. पण तो केला की हबवर सगळ्या टोकांची मिळून ओढ फक्त एका लॅम्डाइतकी उरते. हाताने मांडलं तर उंबरठा ९ भागिले २ येतो, तोच ४.५, आणि सामायिक गती ५.५. प्रोग्रॅम त्याला दिलेलं समीकरण बरोबर सोडवत होता. ते मला हवं असलेलं समीकरण नव्हतं. भागाकार काढला, ०.८१८ मिळाला, आरही जुळला.

कुठलाही निबंध वाचताना कपलिंगला कशाने भागलं आहे हे आधी बघा. काहीच नाही, सरासरी जोडण्या, स्वतःच्या जोडण्या की एकूण नोड, यावर आडव्या अक्षाचा अर्थच बदलतो. पाच निबंधांचे उंबरठे एका आलेखावर ठेवण्याचा मोह होतो, पण बहुतेक वेळा ते एका मापात नसतात.

ताऱ्याची ही केस मी आता वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की आधी ती चालते.

२६ जून

मोठं जाळं चालवलं. लॅम्डा १.८, म्हणजे एकतालाच्या चांगलं आत. बांधल्या गेलेल्या अवस्थेत सगळे फेज एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात, तेव्हा आर एका सरळ रेषेत दिसायला हवा. तो थरथरत होता. गोंगाट मी कुठेच घातलेला नाही. मग थरथर आली कुठून?

गतींची सरासरी मात्र तंतोतंत ५.९८२. तेव्हा ती तपासणी जोडण्यांची चूक पकडते, वेळेच्या पावलाची नाही. पाऊल कितीही ओबडधोबड असलं तरी रुंगे-कुट्टा, म्हणजे समीकरणं पावलापावलाने सोडवणारी माझी पद्धत, ही सरासरी जपतोच.

२९ जून

पाऊलच होतं. सगळे सगळ्यांना जोडलेल्या केसमध्ये ०.१ चं पाऊल आरामात चालत होतं, तेच पुढे आलं होतं. तिथे गती १-२ च्या घरात होत्या. इथे ६३ जोडण्यांचा एक हब आहे, त्याची गती ६३. एका पावलात तो ६.३ रेडियन फिरतो आणि पूर्ण फेरी ६.२८ ची. म्हणजे पावलाच्या सुरुवातीला आणि शेवटी बघितलं तर तो जागचा हललेलाच नाही. लुकलुकत्या दिव्याखाली फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसतं, तसंच. ऑयलरची साधी पद्धत वापरली असती तर शेजाऱ्यांना हा भरधाव हब स्थिर उभा दिसला असता आणि ते त्याच्याशी खुशाल बांधले गेले असते. चौथ्या क्रमाचा रुंगे-कुट्टा पावलाच्या मधेही डोकावतो. तिथे त्याला हब बरोबर समोरच्या बाजूला दिसतो आणि तो निराळीच खोटी ओढ काढतो. दोन्ही उत्तरं निकामी.

थरथरीचं कारण याहून वेगळं. बांधलेल्या अवस्थेत रुंगे-कुट्टा स्थिर राहायचा असेल, तर पाऊल गुणिले लॅम्डा गुणिले जाळ्याच्या लाप्लासियनचं (जोडण्यांवरून बनणाऱ्या तक्त्याचं) सर्वांत मोठं आयगेनमूल्य हे सुमारे २.७८ च्या आत हवं. ते आयगेनमूल्य सर्वांत मोठ्या हबच्या जोडण्यांहून जरा जास्त असतं, इथे शंभराच्या वर. लॅम्डा १.८ आणि पाऊल ०.१ धरलं तर गुणाकार १८. मर्यादेच्या कितीतरी बाहेर.

यातला खरा धोका असा की काहीही फुटत नाही. दुसऱ्या समीकरणांत पाऊल मोठं झालं तर आकडे अनंताकडे पळतात आणि आपण जागे होतो. इथे ओढ साइनमधून येते, आणि साइन १ च्या वर जात नाही. प्रोग्रॅम शेवटपर्यंत शांतपणे चालतो आणि छापण्याजोगा आलेख देतो.

आता ०.००२ वर आलो आहे. सर्वांत वेगवान हबही एका पावलात ०.२ रेडियनच्या आसपासच सरकतो. पूर्ण जाणं-येणं रात्रभर चालतं. पाऊल निम्मं करून पाहिलं: ०.१ वरून ०.०५ केल्यावर वक्र चक्क जागचा हलला, ०.००४ वरून ०.००२ केल्यावर हलला नाही. तुलना करताना आरची वेळेवरची सरासरीच पाहा. अर्धवट एकतालात ही प्रणाली केऑटिक असू शकते, मग दोन पावलांनी काढलेले मार्ग थोड्याच वेळात पांगतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

१ जुलै

पाऊल आपोआप ठरवणारा सोडवणारा का नको, म्हणून सायपाय या पायथन लायब्ररीतला सॉल्व्ह-आयव्हीपी चालवला. सुरुवात उत्तम, मग निकाल बिघडत गेला, आणि जितका वेळ जास्त तितका जास्त. कारण समजल्यावर ही गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटली. त्याची सापेक्ष सूट, म्हणजे चालवून घेतलेली चूक, न सांगता ०.००१ असते, आणि ती उत्तराच्या आकाराच्या प्रमाणात मोजली जाते. आपला फेज सतत वाढत जातो. तो १०,००० रेडियनवर पोचला की सोडवणाऱ्याच्या हिशेबाने १० रेडियनची चूक माफ, म्हणजे दीड फेरीहून जास्त! सापेक्ष सूट जवळजवळ बंद करून निरपेक्ष सूट घट्ट केली की तो नीट वागतो. मी तरी ठरावीक पावलाकडेच परतलो, कारण हबमुळे त्यालाही शेवटी तेवढंच बारीक चालावं लागतं.

वेग वाढवायला ३२ बिटांचे आकडेही वापरून पाहिले. फेज दहा लाखांच्या जवळ गेला की अशा दोन लागोपाठच्या आकड्यांमधलं अंतरच ०.०६२५ असतं. त्याहून लहान हालचाल नोंदलीच जात नाही. ६४ बिट ठेवले आणि दर काही पावलांनी फेज एका फेरीच्या आत आणून ठेवतो. फेऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो, प्रत्येक नोडची सरासरी गती काढायला तो लागतो.

८ जुलै

ताऱ्याचा हिशेब मोठ्या जाळ्यावर लावता येतो हे आज लक्षात आलं आणि फार समाधान वाटलं. सगळे बांधले गेले तर सामायिक गती ५.९८२ च असणार. ३ जोडण्यांच्या नोडची स्वतःची गती ३. त्याला २.९८२ ने वर खेचायचंय आणि खेचणारे शेजारी तीनच, प्रत्येकाची ओढ जास्तीत जास्त लॅम्डाइतकी. तेव्हा लॅम्डा ०.९९४ च्या खाली पूर्ण एकताल अशक्य. यात काहीही अंदाजे नाही. शंभर जोडण्यांच्या हबला हाच हिशेब ०.९४० देतो. म्हणजे परतीच्या वाटेवर हब आधी सुटतो असं मी धरून चाललो होतो, पण जास्त कडक अट सर्वांत लहान नोडांची आहे.

जाळ्यात ३ पेक्षा कमी जोडण्यांचा नोड नाही ना, हे तपासून घ्या. जाळं ज्यातून वाढतं त्या सुरुवातीच्या छोट्या जाळ्यातला एखादा नोड एकाच जोडणीवर राहिला असेल तर त्याची अट ४.९८ होते आणि तो एकटा सगळ्या थव्यातून बाहेर राहतो.

१२ जुलै

आता जाणं आणि येणं. लॅम्डा ०.०२ ने वाढवायचा, आणि दर वेळी सुरुवात मागच्या पायरीच्या शेवटच्या फेजपासून करायची. आधीच्या धावांत प्रत्येक पायरीला फेज नव्याने विखुरले जात होते. त्याने जाण्याची आणि येण्याची वाट एकच दिसते, हिस्टेरेसिस असला तरी सापडत नाही. वरून उतरताना बांधलेली अवस्थाच खाली घेऊन यावी लागते.

आज फास दिसला. चढताना लॅम्डा १ च्या बराच पुढे जाईपर्यंत आर तळाशीच, मग एका पायरीत वर. उतरताना त्याच जागी मोडला नाही, आणखी मागे येऊन मोडला, पण ०.९९४ च्या खाली गेला नाही.

१५ जुलै

फास दिसला म्हणून काम झालं नाही. घाईतूनही फास तयार होतो. पुरावा म्हणून तोच प्रोग्रॅम गाउसियन, सगळे सगळ्यांना जोडलेल्या केसवर चालवला, जिथे फास असूच नये. दर पायरीला कमी वेळ थांबलो तेव्हा तिथेही छानसा फास आला. उंबरठ्याजवळ प्रणाली फार मंद होते आणि आर नव्या जागी पोचायच्या आत आपण पुढच्या पायरीवर गेलेले असतो. थांबण्याचा वेळ दुप्पट करत गेलो तसा हा फास मिटत गेला.

बाराबासी-अल्बर्ट जाळ्यावर वेळ दुप्पट केला तर चढतीची उडी किंचित अलीकडे आली, उतरतीची जागा जवळपास तीच राहिली, फास उघडाच. चढताना खालची अवस्था तग धरून असते, आणि जास्त वेळ दिला तर एखादा योगायोग तिला आधी ढकलू शकतो. म्हणून चढतीचा उंबरठा सांगताना थांबण्याचा वेळ आणि पायरीची उंचीही सांगितलीच पाहिजे. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडता येत नाही.

१९ जुलै

दोन उलट-तपासण्या. जाळं तेच, गतींचे आकडेही तेच, फक्त कुणाला कुठली गती ते पत्त्यांसारखं पिसून टाकलं. उडी गेली, आर सावकाश चढला. मग जाळं यादृच्छिक घेतलं, एर्दोश-रेन्यी पद्धतीचं, सरासरी जोडण्या तितक्याच, गती पुन्हा जोडण्यांइतकी. तिथेही उडी नाही. मोठे हब हवेत आणि त्या हबची गतीही त्यांच्याइतकीच मोठी हवी. दोन्हींपैकी एक काढलं की एकताल नेहमीच्या सावकाश वाटेने येतो.

आत काय घडतं तेही पाहिलं. प्रत्येक नोडची सरासरी गती त्याच्या जोडण्यांसमोर मांडली. चढतीवर उडीच्या आदल्या पायरीपर्यंत हब आपापल्या गतीने धावत असतात. साध्या कुरामोतोमध्ये एक लहान गाभा आधी बांधला जातो आणि मग एकेक जण येऊन मिळतो. इथे गाभा बनायला हवा होता तो हबभोवती, आणि हब तर आपल्या शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे पळतोय, त्याच्याशी कुणालाच जुळवून घेता येत नाही. मग पुढच्या पायरीला सगळे ठिपके एकदम ५.९८२ च्या रेषेवर. हा आलेख मी बराच वेळ पाहत बसलो. आरचा वक्र नुसती उडी दाखवतो, हा ती का झाली ते दाखवतो. वेळ कमी असेल तर आधी हाच काढा.

२ ऑगस्ट

बरीच वेगवेगळी जाळी चालवली आणि सवयीने सगळ्यांच्या आरची सरासरी काढली. उडी नाहीशी! प्रत्येक जाळ्याचा सर्वांत मोठा हब वेगळा, त्यामुळे उडीची जागाही थोडी वेगळी. दहा उभ्या कडा जराजरा सरकवून एकावर एक ठेवल्या की सरासरी गुळगुळीत उतार दाखवते. नुसता तो आलेख पाहिला असता तर संक्रमण सलग आहे असं कुणीही म्हटलं असतं.

सरासरी टाकून दिली. आता प्रत्येक जाळ्यासाठी एक ओळ लिहितो: बीज, सर्वांत मोठा हब, सर्वांत कमी जोडण्या, चढतीची उडी, उतरतीची उडी, थांबण्याचा वेळ, पाऊल. पुढची धाव ४००० नोडांची. त्यात हब अंदाजे दुप्पट मोठा होईल, म्हणजे पाऊल ०.००१ वर आणावं लागेल. नोड चौपट आणि पावलं दुप्पट, तेव्हा एका रात्रीत मावणार नाही. चढती एका रात्री चालवून शेवटचे फेज जपून ठेवायचे आणि उतरती तिथून सुरू करायची, अशी सोय आज लिहून झाली. ताऱ्यावर ती चालवली, ०.८१८ आणि ०.९१४ दोन्ही मिळाले.